ठाणे स्टेशन आणि ‘एन’ अक्षराची गाडी



मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबवहीबद्दल बोललो होतो. आज मला ठाणे स्टेशनाबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, स्टेशनात सांगण्यासारखं काय आहे? तिकीट काढायचं, गाडी आली की चढायचं. मलाही तसंच वाटायचं. पण यंदा फेब्रुवारीत आमच्या गटातल्या एका मावशींनी ठाण्याला जायचंच बंद केलं आणि मला ते स्टेशन नव्याने बघावं लागलं.

मावशी आमच्या वासिंदकडच्या. गटाच्या कर्जातून त्यांनी मसाला कांडपायचं यंत्र घेतलंय. आता गावात मसाला खपून खपून किती खपणार? प्रत्येकीच्या घरी तो होतोच. त्यांची खरी गिऱ्हाइकं ठाण्यात, नौपाड्यात आणि कोपरीत. महिन्याला चार-पाच फेऱ्या, दर फेरीला दोन मोठ्या पिशव्या. त्यातून हप्ता निघायचा आणि वर थोडे उरायचे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्या ठाण्याहून परत निघाल्या. फलाटावर ही गर्दी. गाडी आली. मावशींनी कुणाला तरी विचारलं, ‘कल्याणच्या पुढे जाते ना?’ तो म्हणाला, ‘हो, जाते.’ खोटं नव्हतं ते. गाडी कल्याणच्या पुढेच गेली, पण बदलापूरला! कल्याण गेल्यावर शहाड यायला हवं, तिथे विठ्ठलवाडी आलं. गर्दीतून दारापर्यंत येईतो उल्हासनगर गेलं, अंबरनाथला त्या उतरल्या. परत कल्याण, तिथे कसाऱ्याच्या गाडीची वाट बघणं, घरी पोचायला मध्यरात्र उलटली. मुलगा स्टेशनावर येऊन उभा होता. तो म्हणाला, ‘आई, आता पुरे. पडशील कुठेतरी.’ आणि मावशी घरी बसल्या. मसाल्याचा हंगाम महिन्यावर आलेला, यंत्राचे हप्ते चालू आणि बाई घरी.

मी दोन-तीनदा समजवायला गेले. ‘मावशी, घाबरू नका’, ‘धीर धरा’, असलं काहीबाही बोलले. त्यांनी मला शांतपणे विचारलं, ‘अगं, पण मला ते कळत नाही, ते कसं शिकवशील ते सांग ना.’ बरोबर होतं त्यांचं. धीराचा प्रश्न नव्हताच तो, माहितीचा होता. मग आम्ही ठरवलं की गटाची एक बैठक ठाणे स्टेशनात घ्यायची. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून शनिवारी दुपारी. अकराजणी गेलो. मावशी शेवटच्या क्षणी आल्या, रिकाम्या हातांनी.

आता आधी थोडा इतिहास सांगते. बी.ए.ला माझा तोच विषय होता, त्यामुळे राहवत नाही.

ती बैठक शनिवारी होती ना, तसाच तोही शनिवार होता. १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास मुंबईच्या बोरीबंदरहून भारतातली पहिली प्रवासी गाडी निघाली आणि ती कुठे आली? ठाण्याला! चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिनं. निघताना एकवीस तोफांची सलामी झाली. चौतीस किलोमीटरचा रस्ता. नाना शंकरशेट त्या गाडीत होते. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी आधी कित्येक वर्षं खटपट केली, त्यांतले ते एक. इंजिन पहिल्यांदा बघून लोकांनी त्याला ‘चाक्या म्हसोबा’ म्हटलं, असं सांगतात. मला हे नाव फार आवडतं. जे कळत नाही त्याला आधी देव करून शेंदूर लावायचा, ही आपली जुनीच रीत. मावशींचंही ठाणे स्टेशनाच्या बाबतीत तेच झालं होतं.

ठाणे हे शेवटचं स्टेशन जेमतेम वर्षभर होतं. १ मे १८५४ ला गाडी खाडीवरच्या पुलावरून आणि पारसिकच्या डोंगरातले बोगदे ओलांडून कल्याणला गेली. पुढच्याच वर्षी, १८५५ ला, ती आमच्या वासिंदला पोचली. हे मी फलाटावर सांगितलं तेव्हा आमच्या बायकांना खरं वाटेना. दादर-अंधेरीची गोष्ट असेल, आपल्या वासिंदची कशी, असा त्यांचा चेहरा. अहो, रूळ आपल्या दाराशी आले त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली!

त्या रुळांखालची माती कुणी वाहिली? पुरुषांबरोबर बायकांनी, डोक्यावर पाट्या घेऊन. कुटुंबंच्या कुटुंबं त्या कामावर असत. त्यांची नावं कुठे नाहीत. एका बाईचं नाव मात्र राहिलंय, ते सांगते. कर्जतच्या पुढे खंडाळ्याचा जो घाट आहे, बोरघाट, तिथल्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज ठेकेदाराने घेतला होता. १८५९ मध्ये तो इथे आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका सोडला नाही. हाताखाली जाणकार माणसं नेमली आणि काम पुरं करून घेतलं. १८६१ साली त्या घाटात चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. १८६३ मध्ये घाटातून गाडी गेली. ज्या काळात नवऱ्यामागे बाईने काय करायचं ते सगळं ठरलेलं असायचं, त्या काळातली ही गोष्ट. घाटात किती मजूर पटकीने आणि अपघाताने गेले, तेही विसरता येत नाही म्हणा.

असो. ठाण्याला परत येऊ.

ठाण्यात आज दहा फलाट आहेत. पश्चिमेकडून एक, दोन, तीन असे मोजत पूर्वेला यायचं. पाच आणि सहा जलद गाड्यांचे. नऊ आणि दहा वाशी-पनवेलकडच्या गाड्यांचे. ही वाशीची लाइन नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी ठाण्याहून वाशीला लोकलने जायचं तर कुर्ल्याचा वळसा पडायचा. आता नवी मुंबईतली घरकामं, कंपन्यांतल्या साफसफाईच्या नोकऱ्या आपल्याकडच्या बायका करतात, त्या या लाइनमुळे.

आमच्या कसाऱ्याच्या बहुतेक गाड्या जलद असतात. म्हणजे परतताना बहुधा पाच नंबर. पूर्वी हा फलाट फारच अरुंद होता. २०२४ च्या मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला रेल्वेने सलग त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेऊन तो रुंद केला, रूळ बाजूला सरकवले. तेव्हा लोकांनी खूप नावं ठेवली होती. आता तिथे दोन पिशव्या घेऊन उभं राहिलं तरी माणूस रुळाच्या कडेला ढकललं जात नाही, एवढी तरी जागा झालीय.

पाच नंबरवर आम्ही इंडिकेटरखाली अर्धा तास उभ्या राहिलो. ज्यासाठी गेलो होतो ते हेच. इंडिकेटरवर गाडीचं एक इंग्रजी अक्षर येतं, वेळ येते, जलद की धिमी ते येतं, आणि गाडी बारा डब्यांची की पंधरा हेही येतं. आता ‘के’ म्हणजे कल्याण, ‘टी’ म्हणजे ठाणे, हे कुणालाही कळेल. पण कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’, हे कसं कळावं? त्याचं असं आहे. कल्याणनंतर लाइनीला दोन फाटे फुटतात. इगतपुरीकडे जाणाऱ्याला नॉर्थ-ईस्ट म्हणतात आणि पुण्याकडे जाणाऱ्याला साउथ-ईस्ट. त्यांची पहिली अक्षरं, एन आणि एस. बदलापूरला ‘बीएल’, अंबरनाथला ‘ए’, टिटवाळ्याला ‘टीएल’, आसनगावला ‘एएन’.

मावशींना इंग्रजी येत नाही. मी अक्षरं समजावून सांगत बसले, आणि आमच्यातल्या सगळ्यात लहान वहिनीने दोन वाक्यांत काम केलं. ती म्हणाली, ‘मावशी, दोन उभ्या काठ्या आणि मधे एक तिरकी, ती आपली गाडी. तिच्याआधी तंबू दिसला तरी आपलीच. साप दिसला की चढायचं नाही.’ तंबू म्हणजे ‘ए’, साप म्हणजे ‘एस’. पण मग मावशींनीच विचारलं, ‘आणि नुसता तंबू?’ नुसता तंबू म्हणजे अंबरनाथ! सगळ्या हसल्या. नुसता तंबू नको, हेही मग पाठ झालं. अर्ध्या तासात त्यांनी आलेली प्रत्येक गाडी ओळखली. टिटवाळ्याची आली तेव्हा म्हणाल्या, ‘ही आपल्या वाटेवरची, पण आपल्याआधी थांबणारी.’ मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण फलाटावर बरं दिसलं नसतं.

डब्यांच्या संख्येचं का बघायचं, तर बायकांचा डबा कुठे येणार ते त्यावरून ठरतं. फलाटावर वर ‘महिला’ अशी पाटी लटकवलेली असते, तिच्याखाली उभं राहायचं. गाडी अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात पिशव्या घेऊन धावायचं म्हणजे धडपडणं आलं. काही डबे चोवीस तास बायकांचे असतात, काही ठरावीक वेळेपुरते. डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. बारा वर्षांच्या आतला मुलगा आईबरोबर बसू शकतो, त्याहून मोठा नाही. मोठं बोचकं असेल तर मालडब्यात जायचं आणि त्याचं वेगळं तिकीट काढायचं. कसाऱ्याकडच्या आदिवासी बाया करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन पहाटे त्याच डब्यातून येतात. त्यांना ही सगळी अक्षरं आपल्याहून चांगली ठाऊक असतात.

महिलांसाठी वेगळी अख्खी लोकल कधी आली माहितीये? ५ मे १९९२ ला, पश्चिम रेल्वेवर, चर्चगेट ते बोरिवली. मग आपल्या मध्य रेल्वेवरही आली. गाडी चालवणाऱ्या बायकाही आहेत बरं का. साताऱ्याकडच्या सुरेखा यादव या देशातल्या पहिल्या महिला चालक. आणि मुमताज काझी, ज्यांना २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला, त्या तर मुंबई-ठाणे याच लाइनीवर लोकल चालवत आल्यात. हे सांगितल्यावर आमच्या बायका पुढची प्रत्येक गाडी आली की वाकून मोटरमनच्या खिडकीकडे बघत होत्या.

यानंतर आम्ही पुलावर गेलो. पुलाबद्दल मला नीट बोलू द्या.

कॉलेजात असताना मी रूळ ओलांडायचे. ठाण्यात नव्हे, एका छोट्या स्टेशनात, पुलाला वळसा पडतो म्हणून. तीन वर्षं ओलांडले. काही झालं नाही, म्हणून मला ते काही वाटायचं नाही. एकदा एक गाडी जाईपर्यंत थांबले आणि ती जाताच पाऊल टाकलं. मागून मैत्रिणीने ओढणी धरून खेचलं. पलीकडच्या रुळावरून दुसरी गाडी येत होती, पहिलीच्या आवाजात तिचा आवाज आलाच नव्हता. घरी कुणाला सांगितलं नाही. आज रेडिओवर सांगतेय, आईला कळलंच म्हणायचं. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जिवानिशी जातात, आणि रूळ ओलांडताना गेलेल्यांचा त्यात सगळ्यात मोठा वाटा असतो. दारात लटकण्याचंही तेच. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं पडली आणि काहींचे जीव गेले. ठाण्याला जिने आहेत, सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्ट कुठे आहे ते एकदा निवांत बघून ठेवावं. आमच्या तिघींनी बघून ठेवली.

आता जे बोलायला आपण लाजतो ते. स्वच्छतागृह. आपल्यातल्या कितीजणी बाजाराच्या दिवशी पाणीच पीत नाहीत? सकाळी पाचला निघून दुपारी दोनपर्यंत कोरड्या घशाने फिरतात, आणि मग लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात जातात. मुंबईत २०११ च्या सुमारास बायकांनी ‘राइट टू पी’ नावाची मोहीम सुरू केली, ती याचसाठी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा कुठला न्याय, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही त्या दिवशी स्टेशनातलं महिलांचं स्वच्छतागृह शोधलं, सगळ्याजणी जाऊन आलो आणि नंतर पाण्याच्या बाटल्या संपवल्या. एरवी बैठकीत मी आरोग्यावर तासभर बोलते, त्याहून याचा उपयोग जास्त झाला असेल.

काही झालंच तर कुणाकडे जायचं? स्टेशनात दोन प्रकारचे पोलीस असतात, आणि हा घोळ पुष्कळजणींचा होतो. आरपीएफ हे रेल्वेचं स्वतःचं सुरक्षा दल. लोहमार्ग पोलीस हे राज्याचे. पाकीट मारलं, कुणी अंगाला हात लावला, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवायचा. ठाण्यात त्यांचं पोलीस ठाणं आहे. गाडीत असाल तर १३९ या नंबरवर फोन करा, लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आहे. दुखापत झाली, चक्कर आली, तर स्टेशन मास्तरांना गाठायचं.

हा १३९ लक्षात ठेवायला एक गंमत सांगते. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात कलमही १३९ आहे. एकट्या बाईकडे तिकीट नसलं, तरी तिला रात्री-बेरात्री कुठल्याही स्टेशनावर गाडीतून उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी, आणि तेही दिवसाउजेडी. याचा अर्थ तिकीट काढू नका असा नाही हं! दंड चुकत नाही. आणि नेहमीच्या फेऱ्या असतील तर पासच काढावा. महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशांत येतो, म्हणजे जाऊन-येऊन आठ दिवसांत वसूल. मावशींच्या चार-पाच फेऱ्यांना तो परवडत नाही, हेही आम्ही तिथेच बोटांवर मोजून बघितलं.

सगळ्यात शेवटी आम्ही गेलो ते ज्याची मला स्वतःला जास्त हाव होती तिथे. २०२२ पासून रेल्वेची ‘एक स्थानक, एक उत्पादन’ अशी योजना आहे. स्टेशनात छोटा स्टॉल मिळतो, पाळीपाळीने, थोड्या दिवसांसाठी, नाममात्र शुल्कात. बचत गट, कारागीर, आदिवासी यांच्यासाठी. माल मात्र त्या भागातला हवा. आम्ही चौकशी केली, कुठली कागदं लागतात ते लिहून आणलं. गटाची नोंदणी, बँकेचं पासबुक, खाण्याचा पदार्थ असेल तर त्याचा परवाना. मसाल्याच्या पाकिटावर नाव, वजन आणि तारीख छापलेली हवी. आमच्याकडे अजून पिशवीला रबर लावतात. आधी ते बदलायचंय. अर्ज त्यानंतर. तो मंजूर झाला तरी स्टॉलवर बसायला ठाण्याला यावं लागणार, संध्याकाळी उशिरापर्यंत. म्हणून तर आधी गाडीचं अक्षर.

मार्च उजाडला तशा मावशी पुन्हा निघाल्या. पहिल्या फेरीला मी बरोबर जाते म्हटलं, तर नको म्हणाल्या. मुलाला त्यांनी घरात पाटीवर साप काढून दाखवला होता म्हणे. रात्री पावणेआठला मला फोन आला. मागे गाडीचा आवाज. म्हणाल्या, ‘शहाड आलं गं. आणि ऐक, माझ्या शेजारी एक पोरगी बसलीय कॉलेजातली, तिला खडवलीला जायचंय. ती सापाच्या गाडीत चढत होती. मी हाताला धरून उतरवली तिला.’